नागपाड्याचे नेबरहूड हाऊस : धर्म न विचारणारे मिशन

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या गावांच्या काळ्या रानात पिकणारा वऱ्हाडी कापूस एकेकाळी बैलगाड्यांनी खामगावच्या बाजारात जात असे. १८७० साली जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि गठाणी थेट मुंबईच्या वाटेला लागल्या. काही जहाजांत चढल्या, काहींचे गिरण्यांत सूत झाले. कापसाचा इतिहास सांगणारे बहुधा इथेच, गिरणीच्या भोंग्यापाशी थांबतात. भोंगा वाजल्यावर कामगार ज्या गल्ल्यांत परतत, त्यांपैकी एका वस्तीची ही हकीकत. वस्तीचे नाव नागपाडा.

भायखळ्याला लागून असलेला हा भाग. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, हवा नाही, उजेड नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि अशा वस्त्या शहराच्या डोळ्यांवर आल्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या योजनांत नागपाडा होता. जुनी घरे पाडली गेली, रुंद रस्ते आखले गेले. गरिबी मात्र रस्ता रुंद केल्याने हटत नाही. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती, शेजारीच कामाठीपुरा. मंटोच्या मुंबईच्या कथा वाचलेल्यांना हा परिसर परका वाटणार नाही.

या परिसरात एका ख्रिस्ती मिशनचे काम जुने होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. पण गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सबुरी दाखवली आणि त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार उघडले. यातूनच ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभे राहिले. हॉल अवघ्या तेरा वर्षांत, १८२६ साली, नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले. मागे शाळा, छापखाना, भायखळ्याचे चर्च आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, असा पसारा वाढत गेला. बाजारात उभे राहून उपदेश करायचा, पत्रके वाटायची, प्रार्थनेला बोलवायचे ही रीत शंभर वर्षे चालली. या मिशनच्या मंडळ्या वाढल्या त्या प्रामुख्याने अहमदनगरकडच्या खेड्यांत. मुंबईची गल्ली उपदेश ऐके आणि पुढे चालू लागे.

त्या रीतीला आतूनच पहिला धक्का दिला तो एका मराठी कवीने. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे याच मिशनचे काम केले. विलायती चालींऐवजी भजन-कीर्तनाच्या अंगाने प्रार्थना व्हावी हा त्यांचा आग्रह आज सर्वश्रुत आहे. त्यापुढचे पाऊल तितके चर्चिले जात नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, नागपाड्यापासून हाकेच्या अंतरावरील जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. प्रश्न टिकला : कुंपणाबाहेरच्या माणसाशी ख्रिस्ती माणसाचे नाते काय?

त्याचे अगदी निराळे उत्तर क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी शोधले. शिकागो विद्यापीठाचे हे डॉक्टरेटधारक पाळक १९२५ मध्ये मुंबईत आले. लंडनचे टॉयन्बी हॉल (१८८४) आणि जेन ॲडम्स यांचे शिकागोतील हल हाऊस (१८८९) हे प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. सुशिक्षितांनी गरीब वस्तीतच घर करावे, शेजारी म्हणून राहावे, ही त्यामागची कल्पना. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनने ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उघडले आणि मॅनशार्ट त्याचे संचालक झाले. आरोग्य, शिक्षण, खेळ, व्याख्याने असे काम तिथे चाले. आत येणाऱ्याला धर्म विचारला जात नसे. त्याने ख्रिस्ती व्हावे ही अटही नव्हती आणि गुप्त अपेक्षाही नव्हती.

आज हे साधे वाटते. त्या काळच्या मिशनविश्वात ते साधे नव्हते. वर्गणी अमेरिकेतील श्रद्धाळू मंडळ्यांकडून यायची, ती आत्मे तारण्यासाठी. मग दवाखाना चालतो पण बाप्तिस्मे होत नाहीत, याला मिशन म्हणायचे का? १९३२ मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या आयोगाने ‘रीथिंकिंग मिशन्स’ या अहवालात सेवेचे काम धर्मप्रचाराच्या हेतूपासून मोकळे करावे असा सल्ला दिला, तेव्हा अमेरिकेतील चर्चमध्ये वादळ उठले. नागपाड्यात ते पाच वर्षे आधीपासून चालू होते.

वस्ती शांत होती असेही नाही. १९२९ आणि १९३२ साली मुंबईत भीषण हिंदू-मुस्लीम दंगली झाल्या. मॅनशार्ट यांनी १९३६ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याआधी, १९३० मध्ये, शहराच्या घरबांधणीपासून आरोग्यापर्यंतच्या प्रश्नांवरील चर्चांचे ‘बॉम्बे टुडे अँड टुमॉरो’ हे संकलन त्यांनी संपादित केले होते. वस्तीतले काम करताना त्यांना एक गोष्ट जाणवली : नुसता कळवळा पुरत नाही, शिकलेली माणसे लागतात.

सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे त्यांनी समाजकार्याच्या शाळेची कल्पना मांडली. १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. वर्ग भरत ते नागपाडा नेबरहूड हाऊसमध्येच. पारशी दात्याचा पैसा, अमेरिकन मिशनची वास्तू, पाळक संचालक, आणि अभ्यासक्रमात ना बायबल ना उपदेश! १९४१ मध्ये मॅनशार्ट यांच्यानंतर जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्यांचे बंधू. १९४४ साली संस्थेला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. तिथे आजही देशभरातून मुले समाजकार्य शिकायला येतात. त्यांतील कितीजणांना नागपाड्याची ती वास्तू ठाऊक असेल, कोण जाणे.

मॅनशार्ट अमेरिकेस परतले. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, त्यांनी ‘द महात्मा अँड द मिशनरी’ हे पुस्तक संपादित करून शिकागोत प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांनी सेवा जरूर करावी, पण सेवेच्या आडून धर्मांतर करू नये असे जे गांधीजी आयुष्यभर सांगत राहिले, त्यांचेच लेखन त्यात आहे. निवडणारा हात एका मिशनऱ्याचा होता.