कालियादेहचं पाणी आणि आपला जीर्णोद्धार

फ्रीगंजात राहणाऱ्यांना वाटतं, उज्जैनचं जुनेपण सगळं रेल्वेच्या पुलापलीकडे. इकडे टॉवर चौक, सरळ रस्ते, दुकानं. तिकडे महाकाल, गोपाळ मंदिर, क्षिप्रेचे घाट. पण फ्रीगंजचं दुसरं नाव माधवनगर, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पलीकडच्या दोन पडक्या वास्तू सावरल्या हे फारसं कुणी बोलत नाही. 1920 साली कालियादेह महाल आणि 1923 साली सवाई जयसिंहांची वेधशाळा.

वेधशाळेत अजून माणसं जातात. कालियादेहला कोण जातं? भैरवगढच्या पुढे आहे तो. आपल्या पलंगावरच्या छापाच्या चादरी येतात, तेच भैरवगढ. माळव्याच्या सुलतानांनी हा महाल क्षिप्रेतल्या बेटावर बांधला. नदीचं पाणी दगडी पाटांतून खेळवत नेलं, एका कुंडातून दुसऱ्या कुंडात पाडलं. वैशाखातली झळ त्या वाहत्या पाण्यावरून आत यायची ती गार होऊनच. वीज नाही, पंखा नाही. अकबर-जहांगीरही इथं येऊन गेले. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची दुर्दशा झाली आणि माधवरावांनी तो पुन्हा उभा केला.

आता मला सांगा, या वास्तूत जपायचं काय? भिंती आणि घुमट तर खरेच, पण महालाचा जीव होता त्या पाण्यात. आणि क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःचं पाणी पुरत नाही, म्हणून 2014 पासून नर्मदेचं पाणी पंपानं चढवून तिच्यात सोडावं लागतं. उद्या महालाला रंगसफेदी केली आणि कुंडं कोरडीच राहिली, तर तो जीर्णोद्धार म्हणायचा का? मी तरी म्हणणार नाही.

पाणी कमी पडलं तरी पंचाईत, एकदम आलं तरी पंचाईत. मध्य भारतात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढलेत, असं हवामानाचे अभ्यासक सांगतात. आपली माळव्याची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. जुन्या इमारतीचा पाया तिच्याबरोबर दरवर्षी थोडा खालीवर होतो. चुन्याची भिंत एवढं तेवढं सोसते, ओल बाहेर टाकते. तिच्यावर कुणी हौसेनं सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आणि दोष मात्र जुन्या बांधकामाला. वादळाचंही तेच. 28 मे 2023 ला महाकाल लोकमधल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती वाऱ्यानं कोसळल्या. फायबरच्या होत्या, आणि उद्घाटन होऊन वर्षही झालं नव्हतं. महाकालाचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी पुन्हा उभारलं. ते दगडाचं आहे.

आपल्याकडे म्हणतात, नवं मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट. पण ट्रस्टच्या बैठकीत जीर्णोद्धार निघाला की बोलणं कशावर येतं? संगमरवर, झुंबर, दाराला चांदीचा पत्रा. पन्हळीचं नाव कुणी काढत नाही. तिच्यावर दानशूरांची पाटी कशी लावणार, हेही खरंच म्हणा!

घरात मात्र ही गोष्ट बायकांना पक्की ठाऊक असते. आमच्या सासूबाई चातुर्मास लागायच्या आत गच्ची झाडून घ्यायच्या, पन्हळीत अडकलेला पाला काढायच्या. का, तर पाणी साचलं की शेवाळ धरतं, शेवाळ म्हणजे अनंत जीव, आणि मग पाय कुठं ठेवायचा? त्यांच्या मनात जीवदया होती. पण त्या जुन्या चुन्याच्या गच्चीला त्यांच्या हयातीत कधी गळती लागली नाही. दर वर्षी, वेळेवर, पावसाआधी. संवर्धनाचे जाणकारही पहिलं काम हेच सांगतात: आधी पाण्याची वाट मोकळी करा, मग बाकीचं बघू.

2028 ला सिंहस्थ आहे. गावात कामं निघाली आहेत, आपल्या मंदिरांतही निघतील. बैठकीला बायकांना बोलावलं तर जाच, आणि नाही बोलावलं तरी जा. झुंबर कोणतं ते त्यांना ठरवू द्या. आपण एवढंच विचारायचं, की गच्चीवरचं पाणी कुठून उतरतं आणि पायाशी साचतं का, आणि गिलावा चुन्याचा करणार की सिमेंटचा?