सहा पौंड आणि जेवणाचं टेबल

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. ज्या दुकानदारानं ग्रामसंघाला संगणक विकला, त्यानंच हिशेबाचा प्रोग्रामही त्यात घालून दिला होता. फुकट, म्हणाला. पासवर्ड मात्र त्याच्याकडेच राहिला. ऑडिटच्या वेळी एका गटाचे कर्जाचे हप्ते दुसऱ्याच गटाच्या नावावर दिसले, आणि दुरुस्तीला तो येईना. दोन दिवस हाताच्या वह्या काढून आम्ही सगळं पुन्हा जुळवलं. तेव्हा आमच्यातल्याच एका ताईंची सून पुढं आली. बीसीए झालेली, मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू. आपल्याला कोणता प्रोग्राम लागतो, कोणता नाही, हे तिनं आमच्याशी बोलून, वह्या बघून नीट ठरवून दिलं. पैशांचा विषय निघाला तशी मागून एक जण बोलली, "घरात बसूनच तर करायचंय, त्याचे कसले पैसे?" सून गप्प झाली. खरं सांगायचं तर आम्हीही गप्प बसलो.

म्हणून आज इंग्लंडमधल्या एका बाईंची हकिकत सांगायची आहे. त्यांचं नाव स्टेफनी शर्ली. जन्म १९३३चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू, पेशानं न्यायाधीश. हिटलरच्या राज्यात ज्यूंचा जीव धोक्यात आला, तेव्हा सुमारे दहा हजार मुलांना आईबापांशिवाय इंग्लंडला पाठवण्यात आलं. त्यात १९३९ साली ही पाच वर्षांची पोर होती, नऊ वर्षांच्या बहिणीसोबत. परक्यांनी तिला वाढवलं. मोठी झाल्यावर टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जात सहा वर्षांत गणिताची पदवी मिळवली.

नोकरीत बाईनं किती वर चढायचं, याला तेव्हा मर्यादा होती. त्याला कंटाळून १९६२ साली त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. भांडवल सहा पौंड. जागा घरातलं जेवणाचं टेबल. गंमत बघा, कंपनीचं बँकेत खातं उघडायला त्यांना नवऱ्याची परवानगी लागली. इंग्लंडसारख्या देशात! आपल्यातल्या कितीजणींनी बचतगटाचं खातं उघडायला जाताना घरातलं हेच बोलणं ऐकलंय.

त्या काळी प्रोग्राम वेगळा विकत घ्यायची रीतच नव्हती. ज्यानं यंत्र विकलं तोच तो फुकट द्यायचा. शर्लीबाईंनी यंत्र विकलंच नाही. तुमच्या कामाला काय हवं ते ऐकून, समजून प्रोग्राम लिहून देऊ, आणि त्याचे पैसे घेऊ, असं त्या म्हणत. लोक हसले. प्रोग्राम कोण विकत घेणार, आणि तोही बाईकडून? त्यांनी पत्रं पाठवली, उत्तरं येईनात. मग नवऱ्यानं सुचवलं, स्टेफनीऐवजी 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. पुरुषाचं नाव दिसताच उत्तरं येऊ लागली. पुढं जन्मभर लोक त्यांना स्टीव्ह म्हणूनच ओळखत राहिले.

कामाला त्यांनी घेतल्या त्या लग्न किंवा बाळंतपणामुळं नोकरी सुटलेल्या, शिकलेल्या बायका. पहिल्या तीनशे जणांत पुरुष होते फक्त तीन. बायकांच्या घरी संगणक कुठला? बऱ्याच घरांत टेलिफोनही नसे, म्हणून कामावर घेताना तो आहे का, हे विचारावं लागे. प्रोग्राम त्या पेन्सिलीनं कागदावर लिहीत आणि टपालानं पाठवत. मग त्यावरून कार्डांना भोकं पाडली जात आणि ती कार्डं यंत्रात घातली जात. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागं मूल रडतंय हे कळू नये म्हणून शर्लीबाई टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. आवाजाच्या वेगानंही मागं पडावं अशा काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्राम याच बायकांनी घरात बसून लिहिला.

आम्हाला सगळ्यात जास्त भावली ती त्यांची पैसे ठरवायची पद्धत. बाई घरून, सवडीनं काम करते म्हटल्यावर गिऱ्हाईक तासांवरून घासाघीस करणार. म्हणून त्यांनी तास सांगणंच सोडलं. पूर्ण कामाची एक ठरलेली रक्कम आधीच सांगायची. मग काम रात्री दोनला झालं की लेकरू झोपल्यावर, त्याचं गिऱ्हाइकाला काय? असं करणाऱ्यांत त्या अगदी पहिल्या काहींपैकी होत्या.

वाट सोपी नव्हती. १९६३ साली मुलगा झाला, तो स्वमग्न निघाला, त्याचं सगळं करता करता त्या मोडून पडल्या, पुन्हा उठल्या. मंदीत काम आटलं. १९७५ साली तिकडं स्त्रीपुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि फक्त बायकांना काम देणं बेकायदा ठरलं, म्हणजे बायकांसाठीच्या कायद्यानं या बायकांच्या कंपनीत पुरुष आले! (त्याच वर्षी आपल्याकडं माविम सुरू झालं.) पुढं शर्लीबाईंनी कंपनीतला मोठा वाटा कामगारांच्या नावे केला, आणि त्यातले सत्तरजण लक्षाधीश झाले, तेही पौंडांत. २०२५च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या.

ही हकिकत आम्ही त्या सुनेला सांगितली. या महिन्याच्या बैठकीत तिचं कोटेशन विषय म्हणून ठेवलंय. काम काय, किती दिवसांत, पुढं वर्षभर दुरुस्ती कोण करणार, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे राहणार, असं सगळं तिनं एका कागदावर लिहून आणलं. रकमेची जागा मात्र कोरी होती. "तुम्हीच भरा ताई," म्हणाली. आम्ही कागद तिला परत दिला. काल ती आकडा घालून घेऊन आली.