छत्तिसावा फोटो

गेल्या हिवाळ्यात तळघर आवरताना जुन्या स्लाइड्सचा खोका सापडला. १९७४ ते १९७९, म्हणजे क्वीन्समधल्या आमच्या पहिल्या बिऱ्हाडाचा काळ. नातीला दाखवावे म्हणून एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. स्वातंत्र्यदेवी, नायगारा, नवी गाडी आणि गाडीला टेकून उभा असलेला मी! नातीने विचारले, "आजोबा, तुमची गल्ली कुठाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण गल्लीचे फोटो काढत नव्हतो. फिल्म महाग, धुणावळ त्याहून महाग. छत्तीस फोटोंत रोजचे जगणे कुठे बसवणार?

नेमके तेच बसवले हेलन लेव्हिट या बाईंनी. जन्म १९१३, ब्रुकलिन. ब्राँक्समधल्या एका पोर्ट्रेट फोटोग्राफरकडे त्या काम शिकल्या आणि १९३६ साली त्यांनी जुना लायका कॅमेरा विकत घेतला. पुढच्या वर्षी पूर्व हार्लेममध्ये मुलांना चित्रकला शिकवताना फुटपाथवरची खडूची चित्रे त्यांच्या नजरेत भरली. मग त्या चित्रांचे आणि ती काढणाऱ्या पोरांचे फोटो त्या टिपू लागल्या. घराच्या पायऱ्यांवर मुखवटे चढवून बाहेर पडणारी तीन मुले, फुटलेल्या आरशाची रिकामी चौकट धरलेली मुले, हवेत तरंगणाऱ्या साबणाच्या फुग्यांकडे बघत जाणाऱ्या मुली. कॅमेऱ्याला काटकोनात बघण्याची सोय त्यांनी करून घेतली होती. कॅमेऱ्याचे तोंड एकीकडे आणि बाईंचे दुसरीकडे! त्यामुळे समोरच्याचे वागणे बदलत नसे.

१९४३ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षे गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा त्या रंगीत फिल्मकडे वळल्या. आणि १९७० मध्ये घरात चोरी झाली. त्या रंगीत स्लाइड्सपैकी बहुतेक सगळ्या गेल्या. रंगीत स्लाइडची गंमत आणि धोका एकच: कॅमेऱ्यातून गेलेली फिल्म हीच चित्र असते. मागे निगेटिव्ह उरत नाही. गेली ती गेलीच.

बाई तेव्हा छप्पन-सत्तावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी पुन्हा कॅमेरा घेतला आणि त्याच शहरात नव्याने फिरू लागल्या. १९७४ मध्ये त्याच म्युझियममध्ये त्यांच्या चाळीस रंगीत स्लाइड्स प्रोजेक्टरवर दाखवल्या गेल्या. रंगीत फोटोंना संग्रहालये फारसे दारात उभे करत नसत, तो हा काळ.

१९६५ च्या कायद्यानंतर आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी न्यू यॉर्क पहिल्यांदा पाहिले ते याच सुमारास. म्हणून ते फोटो बघताना मी मोहरून जातो. ती अवाढव्य गाड्यांची रांग, ते पायऱ्यांवर बसलेले म्हातारे! पण बाईंना एक खंत होती. १९४० च्या मानाने रस्ते रिकामे झाले होते. टीव्ही आणि एअरकंडिशनरने माणसांना घरात ओढून घेतले होते. त्यांनी सहज म्हणून टिपलेली गल्ली आता इतिहास झाली होती. बाई २००९ मध्ये वारल्या. त्याच वर्षी कोडॅकने कोडाक्रोम फिल्म बंद केली.

हे सगळे वाचल्यावर खोका पुन्हा उघडला. या वेळी 'वाया गेलेल्या' म्हणून रबर लावून बाजूला ठेवलेल्या स्लाइड्सही पाहिल्या. आठवत असेल, रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नसे. म्हणून शेवटचा फोटो कशाचाही काढून मोकळे व्हायचे. तसाच एक निघाला. लाँड्रोमॅटमधले बाकडे, शेजारी कपड्यांचे गाठोडे, आणि आमची ही, अंगात स्वेटर अन् साडी, मान खाली घालून घरचे निळे हवाईपत्र वाचते आहे. काचेतून मागे आमची गल्ली दिसते. समोर कोपऱ्यावर एक मुलगा पाण्याच्या बंबावर बसला आहे.

हिला जाऊन आता सहा वर्षे झाली. माझ्याकडे तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते. हा एकच असा आहे, ज्यात ती नुसती आहे.

नायगाराच्या स्लाइड्स मी नातवंडांत वाटून टाकल्या. हा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. आपापले खोके एकदा उघडून बघा. रबर लावलेला गठ्ठा आधी.