तुरटीचा खडा

परवा माळा आवरताना आजीचा पितळी डबा सापडला. आत दोन हळकुंडं, सुंठ आणि तळाशी तुरटीचा खडा. वापरून वापरून नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला.

पावसाळ्यात आमच्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. आजी रात्री हंड्यात हा खडा चार-पाच वेळा फिरवायची. सकाळी वर नितळ पाणी, तळाशी चिखल. आम्हा पोरांना ती जादूच वाटायची. आजोबांचा दाढीनंतर गालावरून फिरवायचा खडा वेगळा, त्याला हात लावायची आजीलासुद्धा परवानगी नव्हती!

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचं जोड-सल्फेट. गढूळ पाण्यातले मातीचे कण अगदी बारीक असतात, शिवाय एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून आपणहून खाली बसत नाहीत. तुरटी विरघळली की कापसासारखा साका तयार होतो, तो या कणांना गोळा करून तळाशी नेतो. जादू एवढीच.

पण या खड्यापायी एकेकाळी मोठं राजकारण झालंय, हे मला फार उशिरा कळलं. मंजिष्ठेचा लाल रंग नुसता कापडाला दिला तर नीट टिकत नाही. कापड आधी तुरटीत भिजवलं की रंग पक्का बसतो. आपल्याकडच्या रंगाऱ्यांना हे ठाऊक होतंच, युरोपातला लोकरीचा धंदाही त्यावरच चालायचा. त्यांची चांगली तुरटी यायची आजच्या तुर्कस्तानातून. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं, पाठोपाठ तिथल्या तुरटीच्या खाणीही तुर्कांच्या हातात गेल्या. झाली पंचाईत.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये कापड रंगवण्याचा धंदा केलेला जोव्हानी दा कास्त्रो नावाचा एक माणूस इटलीत परतला होता. रोमच्या वायव्येला तोल्फाच्या डोंगरात त्याला एक झुडूप दिसलं. तिकडे तुरटीच्या डोंगरांवर वाढणारं तेच हे झुडूप. त्याने दगड भाजून पाहिले, तुरटी निघाली! साल साधारण 1461. पोप दुसरे पायस यांना त्याने सांगितलं की हा तुर्कांवरचा विजयच समजा. पुढे 1466 मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने पोपशी या तुरटीचा करार केला, आणि तुर्कांची तुरटी घेणाऱ्याला धर्मबहिष्काराची धमकी मिळाली. पैसा धर्मयुद्धासाठी, असं सांगितलं जाई. मक्तेदारी मात्र अगदी ऐहिक.

इंग्लंडने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्वतःची तुरटी काढायला घेतली. तिथला खडक महिनोन्‌महिने भाजायचा, पाण्यात भिजवायचा, मग त्या पाण्यात समुद्रशेवाळाची राख नाहीतर माणसाचं मूत्र घालायचं. हे मूत्र पार लंडनहून जहाजाने यायचं! द्रावण पुरेसं दाट झालं का ते त्यात अंडं तरंगतं का यावरून ठरवत. 1845 मध्ये पीटर स्पेन्सने गंधकाम्ल वापरून स्वस्त पद्धत काढली आणि 1871 मध्ये यॉर्कशायरचे कारखाने बंद पडले. पोपने जपलेली वस्तू वाण्याच्या बरणीत येऊन बसली.

असो. एका पावसाळ्यात आमच्या घरात दोघांना कावीळ झाली. पाणी तर काचेसारखं नितळ होतं. डॉक्टर म्हणाले, तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. पाणी उकळायलाच हवं. आजी काही बोलली नाही. इतकी वर्षं स्वच्छ म्हणून तिने आम्हाला जे पाजलं, त्याचा हिशोब बहुतेक ती मनात करत असावी. दुसऱ्या दिवसापासून स्टोव्हवर मोठं पातेलं चढू लागलं, रॉकेलची टंचाई असली तरी.

खडा मात्र तिने टाकला नाही. रात्री हंड्यात फिरवायचीच, मग सकाळी वरचं पाणी उकळायची. दोन्ही कामं वेगळी आहेत हे तिला डॉक्टरांच्या एका वाक्यात समजलं होतं. मला ते समजायला एवढं वाचावं लागलं.

खडा मी परत डब्यात ठेवलाय.