मोर्गेदालचा सोंद्रे
बर्फावर लाकडी फळ्या बांधून चालण्याची विद्या उत्तरेकडच्या लोकांना हजारो वर्षे ठाऊक होती. पण पट्टा बहुधा चवड्यापुरताच, टाचेला आधार नाही. नॉर्वेतील तेलेमार्क प्रांतात मोर्गेदाल गावी १८२५ साली जन्मलेल्या सोंद्रे नोरहाइम या गरीब कुळाने लवचीक डहाळ्यांचा पीळ टाचेमागून घेतला आणि उडी, वळण दोन्ही साधले. १८६८ मध्ये राजधानीतील शर्यतीत त्याने शहरवासीयांना थक्क केले. जगाने उचललेला ‘स्लालम’ हा शब्दही त्याच मुलखाच्या बोलीतला, राजधानीच्या पुस्तकी भाषेतला नव्हे. आपल्यासारख्या सीमेवरच्यांना याचे अप्रूप वाटावे! १८८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला गेला. १८९७ मध्ये वारला तो नॉर्थ डकोटाच्या सपाट माळरानावर. १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत मात्र मोर्गेदालला, त्याच्याच घरच्या चुलीत पेटवली गेली.