शुक्राणूंतील प्रथिने व फलन : संशोधनाचा इतिहास

शुक्राणू व अंडकोशिका यांचा संयोग दोहोंच्या पटलांवरील प्रथिनांच्या परस्परबंधनामुळे घडून येतो. हे बंधन न झाल्यास संख्येने व हालचालीने निर्दोष दिसणारे शुक्राणूही निष्फळ ठरतात. हा दोष सूक्ष्मदर्शकातून दिसत नसल्याने तो ध्यानात येण्यास तीन शतकांहून अधिक काळ लागला.

आंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये शुक्राणू पाहिले. पुढील शतकात लाद्झारो स्पाल्लान्झानी यांनी नर बेडकांना चक्क तंग चोळणे घालून वीर्याचा अंड्यांशी संपर्क टाळला, तेव्हा अंडी फलित झाली नाहीत. गाळलेले वीर्य निष्प्रभ, तर गाळणकागदावरील अवशेष प्रभावी ठरला. तरीही शुक्राणूंना फलनाचे श्रेय देण्यास ते तयार नव्हते. हाती आलेला पुरावा पूर्वग्रहामुळे वाया गेला, असेच म्हणावे लागते. झां लूई प्रेव्हो व झां बातीस्त द्यूमा यांनी १८२४ मध्ये शुक्राणूंची आवश्यकता दाखवून दिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फर्टिलीन’ हे शुक्राणूवरील प्रथिन संयोगाचे कारण मानले जात होते. त्याचा एक घटक नसलेले उंदीर १९९८ मध्ये तयार करण्यात आले. त्यांची प्रजननक्षमता फार घटली. तथापि त्यांचे शुक्राणू अंडपटलाशी काही प्रमाणात एकरूप होऊ शकत होते. शोध पुन्हा सुरू झाला.

जपानमधील ओसाका विद्यापीठात मासारू ओकाबे व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये ‘इझुमो’ हे प्रथिन प्रसिद्ध केले. विवाहाशी निगडित असलेल्या एका जपानी मंदिरावरून हे नाव देण्यात आले. इझुमोविरहित नर उंदीर निरोगी होते, त्यांचे शुक्राणू चपळ होते व अंड्याचे बाह्य आवरणही भेदत. परंतु पटलाशी येऊन तेथेच थांबत. असे नर पूर्णतः वंध्य ठरले. तोच शुक्राणू सुईने थेट अंडकोशिकेत सोडल्यास मात्र गर्भाची वाढ होई. मानवी वंध्यत्वावरील उपचारात हे तंत्र १९९२ पासून ज्ञात होते.

इझुमोचा अंडकोशिकेवरील जोडीदार ब्रिटनमधील गॅव्हिन राइट यांच्या गटास २०१४ मध्ये सापडला. त्यास रोमन विवाहदेवतेवरून ‘जूनो’ असे नाव मिळाले. फलनानंतर सु. ४० मिनिटांत जूनो पटलावरून नाहीसे होते. त्यामुळे दुसऱ्या शुक्राणूस प्रवेश मिळणे कठीण होते. मात्र या जोडीने पटले केवळ परस्परांस चिकटतात. एकरूप होण्यास आणखी प्रथिने लागतात. इझुमो, ‘स्पाका ६’ व ‘टीएमईएम ८१’ ही तीन शुक्राणुप्रथिने एकत्र कार्य करतात, असे अनुमान २०२४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने काढण्यात आले व झीब्राफिश माशांवरील प्रयोगांनी त्यास दुजोरा मिळाला.