मोडॅफिनिल

दिवसा अनावर झोप आणणाऱ्या नार्कोलेप्सी या विकारावरील जागृतीवर्धक औषध. फ्रान्समधील लाफाँ प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्याचा शोध लागला. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. प्रौढांची नेहमीची मात्रा सकाळी २०० मिग्रॅ. असते. अर्धायुष्य सुमारे १५ तास असल्याने उशिरा घेतलेली गोळी रात्रीची झोप बिघडवते. डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थता हे वारंवार आढळणारे त्रास.

गंभीर धोका त्वचेचा. मुलांतील अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकारासाठी हे औषध वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये मान्यता नाकारली. चाचण्यांत दिसलेले पुरळ स्टीव्हन्स-जॉन्सन संलक्षणाचे असावे, ही भीती त्यामागे होती. हा विकार विरळा, पण जीवघेणा. त्वचेची सालपटे निघतात, तोंडात व डोळ्यांत फोड येतात. मुलांच्या बाबतीत हा सावधपणा योग्यच होता. युरोपीय औषध संस्थेनेही २०१० मध्ये वापर नार्कोलेप्सीपुरता मर्यादित ठेवण्याची शिफारस केली.

स्त्रियांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की मोडॅफिनिल यकृतातील विकरांना चेतवते आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात. औषध थांबवल्यावरही किमान महिनाभर दुसरे साधन वापरावे लागते. जन्मजात व्यंगांची शक्यता असल्याने गर्भारपणात ते टाळतात. मनोविकार वा हृदयविकार असलेल्यांना ते जपूनच दिले जाते.

निरोगी विद्यार्थी जागरणासाठी ही गोळी घेतात, तेव्हा हे सर्व धोके तसेच राहतात. पुरळ दिसताच गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.